सात नंबरच्या शेडमधले कैलासवासी

४ फेब्रुवारी

भोंग्या,

वर ‘चि.’ लिहायला गेले आणि हात आखडला. राहू दे आज. शिव्या घालायला बसलेय, त्यात आशीर्वाद कशाला कालवू?

दुपारी एक बाई कोटाचं अस्तर बदलून घ्यायला आल्या. मी जुनं अस्तर उसवत होते आणि त्या स्टुलावर बसून फोनवर गाणं ऐकत होत्या. ऐकता ऐकता डोळे पुसायला लागल्या. म्हणाल्या, “हे ऐकलंत का हो? पोरका म्हणून नवीन मुलगा आलाय, रॅप करतो. नऊ वर्षांचा असताना बाप गेला बिचाऱ्याचा. बाजारात माल पुकारता पुकारता कोसळला म्हणे.”

मी म्हटलं, “म्हणे म्हणजे? सांगितलं कुणी?”

“अहो, गाण्यातच आहे ना!”

आणि इकडे दुकानाच्या पडद्यामागे तो कोसळलेला बाप चहात बिस्किट बुडवत बसला होता. बिस्किट तुटून कपात पडलं म्हणून चमचा कुठे ठेवलाय विचारत होता. मी बाईंना म्हटलं, थांबा हं, आणि आत जाऊन स्वर्गवासी माणसाला चमचा देऊन आले. बाईंचे अश्रू खरे होते रे. तेच जास्त किळसवाणं वाटलं.

बाबांनी गाणं ऐकलेलं नाही. त्यांचा फोन साधा आहे, नशीब. मीही सांगणार नाही.

तुझा फोन हल्ली कुणी तिसराच उचलतो. “कोणत्या संदर्भात?” विचारतो. मी म्हटलं, बहिणीच्या संदर्भात. म्हणाला, मेल करा. म्हणून हे पत्र. कागद हातात पडला तर निदान अक्षर तरी ओळखशील.

कपाट आठवतं का? गिऱ्हाइकांचे कोट लटकलेले असायचे आणि तू त्यात घुसून रेकॉर्डिंग करायचास. कोटांमुळे आवाज घुमत नाही म्हणायचास. मी मशीन बंद ठेवून बाहेर गप्प बसायचे, आणि तू बाहेर आलास की केसांना दोरे चिकटलेले असायचे. तुझं पहिलं गाणं बाबांच्या लिलावावरच होतं. त्यांच्यासारखंच धडाधड, आणि मध्येच ‘एक वार, दोन वार’. बाबांनी तुला बाजारात समोर उभं करून शिकवलं होतं, “गिऱ्हाईक विचारात पडलं की तेवढ्यात आपण श्वास घ्यायचा. तो विचार करतो, आपण जगतो.” आणि दोन वार म्हटल्यावर लगेच तिसरा म्हणायचा नाही. तीन वार झाले की सौदा मिटला, मग देव आला तरी बोली लावता येत नाही. समोरच्याच्या मनात आहे पण तोंडातून निघत नाही असं दिसलं, की बाबा तिसरा वार दाबून धरायचे. सगळे ओरडायचे, “मिटवा हो!” बाबा ढिम्म.

ते गाणं ऐकून तुझा तो प्रोड्युसर आपल्या दुकानात आला होता. गाणं चांगलं आहे म्हणाला आणि पुढच्याच दमात विचारलं, “पण तुझी गोष्ट काय?” तू म्हणालास, आई नाही, लहानपणीच गेली. तो म्हणाला, “छान.” छान म्हणाला, भोंग्या! आपल्या आईला. मग खुर्चीत रेलून म्हणाला, “पण अर्धा अनाथ विकला जात नाही.” मला वाटलं, मोठ्या माणसांची थट्टा अशीच असेल. मी हसले, तूही हसलास. तो मात्र हसला नव्हता, हे आज कळतंय.

माझं मागणं एकच आहे. कुठेही बोल, स्टेजवर बोल, मुलाखतीत बोल, पण एकदा बोल, की माझे वडील आहेत. त्यापुढे तुझी गाडी, तुझे गॉगल, तुझं काय ते तुला लखलाभ.

– ताई


२० फेब्रुवारी

भोंग्या,

तुझं उत्तर मिळालं. पाकीट जाड होतं म्हणून हातातलं काम टाकून उठले. उघडते तर तुझा फोटो! मागे छापील अक्षरांत, ‘तुझ्या प्रेमाशिवाय मी कुणीच नाही. – पोरका’. सही पण छापीलच. म्हणजे माझं पत्र कुणीतरी चाहत्यांच्या ढिगात टाकलं. मशीनचा एक पाय डुगडुगत होता, त्याखाली फोटोची घडी करून घातली. आता मशीन हलत नाही. चला, घरच्यांच्या काही उपयोगी पडलास.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. बाबांनी गाणं ऐकलंय. माझ्याही आधी ऐकलंय. हमालांनी बाजारात मोठ्याने लावून ऐकवलं आणि वर “सांभाळून हो दादा, उन्हात भूत दिसतंय!” म्हणून हसले. बाबा घरी येऊन काही बोलले नाहीत. आठवडाभराने मला म्हणाले, “ते गाणं लाव तुझ्या फोनवर.” मी लावलं. परत लाव म्हणाले. मला वाटलं, आता रडतील, नाहीतर पायातली काढतील. तर कपाळाला आठ्या घालून विचारतात कसे, “हा श्वास कुठे घेतो?”

मी म्हटलं, “बाबा, तुम्हाला मारलंय त्यात!”

“ते ऐकलं मी. पण हे एवढं लांब एका दमात कुणी म्हणत नाही. गुदमरेल पोरगं.”

ह्या माणसाला काय म्हणावं, सांग! मला इतका राग आला की भाजी करपवली.

आता स्वेटरचं. तुमच्या कंपनीतली ती बाई, जी तुझी ‘इमेज’ बघते, ती मध्यंतरी येऊन बाबांचा राखाडी स्वेटर घेऊन गेली. तू मागितलाय म्हणाली. बाबा किती खूश झाले! पोराला थंडी वाजत असेल म्हणून मला घाईघाईने बटण लावायला लावलं. काल गिऱ्हाइकाने तुझा व्हिडिओ दाखवला. स्वेटर छातीशी धरून तू पावसात बसलायस, खाली अक्षरं, ‘बाबांची शेवटची आठवण’. कोपराजवळ मी रफू केलं होतं. चांगल्या दोन संध्याकाळी बसून, लोकर जुळवून केलं होतं. ते रफू कापून काढलंय आणि भोक मोठं केलंय. म्हणजे आमची गरिबीसुद्धा तुम्हाला पुरेना! तीही वरून कात्री मारून वाढवायची. त्या व्हिडिओतले तुझे अश्रू कुठल्या बाटलीतले होते रे?

आणि ह्या सगळ्यावर कळस म्हणजे परवाचा तुझा फोन. किती महिन्यांनी केलास, तोही माझ्याशी न बोलता थेट बाबांना. “बाबा, दुसऱ्या गाण्यात तुमचा आवाज हवाय. लोकांना तुमची जुनी कॅसेट सापडली असं सांगायचंय. माझ्यासाठी एवढं करा, मी पण येतो स्टुडिओत.” बाबांनी एका शब्दाने विचारलं नाही की मला मारलंस का. “येतो की,” म्हणाले. मग शर्टाला इस्त्री करून ठेवायला सांगितली.

मी बरोबर जाणार आहे. त्यांना एकट्याला तुमच्या तावडीत सोडणार नाही.

– ताई


९ मार्च

भोंग्या,

तू आला नाहीस.

बाबा दर थोड्या वेळाने दाराकडे बघत होते. शेवटी इमेजवाली म्हणाली, त्याचं शूटिंग लांबलंय. बाबा म्हणाले, “काम आहे म्हटल्यावर काय करणार.” तुझी बाजू घेतली. माझ्याकडे न बघता घेतली.

तुझ्या प्रोड्युसरने बाबांना मिठी मारली. त्याच्या अंगाला असा गोड, उग्र वास येतो की मी दोन पावलं मागे सरकले. “काका, तुमच्यामुळेच तर हे सगळं आहे!” बाबा खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले, “साहेब, एक विचारू? मी मेलो तेव्हा किती वयाचा होतो?”

माणूस असता तर शरमेने मान खाली गेली असती. ह्याने हिशेब केला. “चाळीस धरू. म्हणजे आवाज जरा तरुण पाहिजे, पण थकलेला.”

“चाळिशीत मी थकत नव्हतो.”

“थकायचे काका. गाण्यात थकायचे. खोकला येतो का?”

“नाही.”

“आणा.”

आणि बाबांनी खोकला आणला. काचेपलीकडे कानाला ती मोठी यंत्रं लावून उभे होते आणि खोटं खोटं खोकत होते. हा प्रोड्युसर बटण दाबून सांगत होता, “थोडा ओला, काका. छातीतून येऊ दे.” मी इकडे पर्सचा पट्टा पिळत होते. आई शेवटी कशी खोकायची, ते त्या खोलीत आम्हा दोघांनाच माहीत होतं. बाबांनी तसं नाही खोकलं, भोंग्या. कितीही वेळा सांगितलं तरी तसं नाही खोकलं.

मग प्रोड्युसर म्हणाला, आता लिलाव पुकारा, जसा मनात येईल तसा. तेव्हा मात्र बाबा ताठ झाले. जे सुटले! टोमॅटो, कोबी, बटाटा, काय तो आवाज! काचेबाहेरची पोरं फोन खाली ठेवून बघायला लागली. चहावालासुद्धा दारात थांबला. मला तेवढा वेळ विसरच पडला आपण कुठल्या घाणीत उभे आहोत.

नंतर कॉम्प्युटरवर बसलेला मुलगा काम करायला लागला. पडद्यावर बाबांचा आवाज म्हणजे उंच-सखल रेघा, आणि मध्ये मध्ये बारीक बारीक ठिपक्यांसारखं काहीतरी. ते तो वेचून पुसत होता. बाबांनी विचारलं, “हे काय काढताय?”

“श्वास आहेत काका. काढावेच लागतात. सरांच्या सगळ्या गाण्यांतले काढतो.”

“का हो?”

“ऐकायला घाण वाटतात.”

बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, “बघ, मी म्हणत होतो ना, पोरगं श्वास घेत नाहीये. घेतो तो. हे काढून टाकतात.” असे खूश झाले जसं काही तुझा आजार खोटा निघालाय. मग त्या मुलाने वरून जुन्या कॅसेटची खरखर घातली आणि आमचे इस्त्रीचा शर्ट घातलेले बाबा नीट मेले.

निघताना कागद पुढे आला. गाणं येऊन तुझा दौरा संपेपर्यंत बाबांनी बाजारात पुकारायचं नाही. कुणी फोनवर टिपून घेतलं तर पंचाईत होईल म्हणे. मी म्हटलं, हे त्यांचं काम आहे, हे करूनच त्यांनी आम्हाला वाढवलं. इमेजवाली म्हणाली, “ताई, थोडे दिवसच तर गप्प बसायचंय.” बाबांनी सही केली. मी हात धरला तर म्हणाले, “पोराचं काम होतंय, होऊ दे.”

तेव्हापासून ते काट्याजवळ बसून असतात, वजनं बघतात. पुकारायला दुसरा उभा राहतो, त्याला कुत्रंसुद्धा विचारत नाही. घरीही बाबा मीठ मागतात ते कुजबुजून. परवा मी ओरडले, “घरात तरी मोठ्याने बोला!” तर म्हणाले, “सवय राहायला हवी.”

जिवंत माणसाचं तोंड बांधून त्याचा आवाज विकताय तुम्ही. तुला झोप येते का?

– ताई


२ एप्रिल

भोंग्या,

अभिनंदन! तुझं गाणं गल्लोगल्ली वाजतंय. न्हाव्याकडे वाजतं, गॅरेजमध्ये वाजतं, शाळेची पोरं बसमधून ओरडत जातात, ‘सात नंबर! सात नंबर!’ शर्ट पण निघालेत म्हणे सात नंबरचे. एक मुलगा काल माझ्याकडेच आला, सैल होतोय, बाजूने आवळून द्या म्हणून. दिला आवळून.

पण त्या सात नंबरने तुमची कशी वाट लागली, ते तुझ्या तोंडावर सांगायला मिळालं असतं तर काय मजा आली असती. कागदावर सांगते.

बाबांनी स्टुडिओत जे पुकारलं, त्यात होतं, “सात नंबर शेड, ताजा माल, बोला!” तुझ्या प्रोड्युसरला ते तालात बसलेलं आवडलं. तेच उचलून त्याने पुन्हा पुन्हा वाजवलं, त्याचाच मुखडा केला. बाजारात कधी पाय ठेवला असता तर कळलं असतं. तू नऊ वर्षांचा होतास तेव्हा बाजारात सहाच शेड होत्या. सातवी बांधली तेव्हा तुला मिशा फुटल्या होत्या. उद्घाटनाच्या खुर्च्या तूच मांडल्या होत्यास आणि पाय ठेचून घेतला होतास! म्हणजे चाळिशीत वारलेला माणूस अजून न बांधलेल्या शेडमधला माल विकतोय. बाजारात एकच हशा. हमाल येऊन बाबांना विचारतात, “दादा, मेल्यावर सहामधून सातमध्ये बदली झाली का?” व्यापाऱ्यांनी व्हिडिओ काढले, काट्याजवळ बसलेल्या बाबांचे. दोन दिवसांत सगळीकडे झालं.

मी बाबांना विचारलं, मुद्दाम केलंत ना? म्हणाले, “रोज म्हणतो तेच म्हटलं.” पण मिशीत हसत होते. मग हसू गेलं आणि म्हणाले, “मला वाटलं, पोरगं ऐकेल आणि काढायला लावेल. काढलं असतं तर कळलं असतं, आपला आवाज नीट ऐकला म्हणून.”

आता तूच सांग. ऐकलंस की नाही? ऐकलंच नसशील, तर बापाचा आवाज न ऐकताच विकलास. ऐकून राहू दिलं असशील, तर का राहू दिलंस? दोन्हींतलं कुठलं जास्त वाईट, मला ठरवता येत नाही. बाबांनी ठरवलंय. ते काही मला सांगत नाहीत.

मला वाटलं होतं, आता तरी ही माणसं तोंड लपवतील. कसलं काय! परवा प्रोड्युसर स्वतः दुकानात हजर. आपल्या जुन्या स्टुलावर बसला, तोच वास, तेच दात. म्हणाला, “काका, हे तर सोनं झालं! आता आपण तुम्हाला जिवंत करू.”

बाबा म्हणाले, “बरं.”

“तो लहानपणी हरवला, तुम्ही गेलात असं त्याला कुणी खोटंच सांगितलं. आता गाणं ऐकून बाजारवाले त्याला सांगतात की बाप आहे. तो धावत येतो. सात नंबर शेड, मिठी, तुम्ही रडता. तीन कॅमेरे लावू.”

“आणि पोराचं काय म्हणणं?”

इमेजवालीने लगेच सांगितलं, “तो तयार आहे.” हे तू म्हणालास की तीच म्हणाली, देव जाणे. मी कात्री खाली ठेवली, कारण ती हातात असणं बरं नव्हतं.

तिने कागद पुढे केला. बाबांनी चष्मा लावला, शांतपणे वाचला, पेन घेतलं, टोपण काढलं. मला वाटलं, झालं, पुन्हा सही करणार हा माणूस. तर पेनाला टोपण लावून परत दिलं.

“साहेब, मला जमणार नाही.”

“का काका? काही वाढवून हवं असेल तर बोला.”

“तसं नाही. मेलेला माणूस सही करत नाही.”

प्रोड्युसर हसला. बाबा हसले नाहीत. “तुम्ही मारलंत, मी मेलो. पोरासाठी मेलो, त्याचं काही नाही. पण जिवंत करायचं काम तुमचं नाही. ते ज्याचं आहे त्याला करू दे.” मग मला म्हणाले, “ह्यांना चहा दे आणि दार उघड.” मी चहा दिला नाही. दार उघडलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते आंघोळ करून निघाले आणि सात नंबरमध्ये फळीवर उभे राहिले. तुमच्या कागदाची भीती नाही वाटली का विचारलं, तर म्हणाले, “कैलासवाशावर खटला भरतील? भरू देत.” मी डबा द्यायला गेले होते तर बाहेर रस्त्यापर्यंत आवाज येत होता. मधले श्वाससुद्धा ऐकू येत होते.

– ताई


११ एप्रिल

चि. भोंग्या,

‘चि.’ लिहिलंय. कुरकुरत लिहिलंय, पण लिहिलंय.

काल दुपारी बाबा बाजारातून येऊन पाय धूत होते आणि त्यांचा फोन वाजला. नंबर नवा होता. मी उचलला. पलीकडे कुणी बोलेना. मी दोनदा ‘हॅलो’ म्हटलं, मग कळलं. नाकारू नकोस, तूच होतास. लहानपणी कपाटातून बाहेर यायला घाबरायचास तेव्हा असाच नाकातून श्वास घ्यायचास. इतक्या दिवसांचं सगळं जिभेवर आलं माझ्या. स्वेटर, खोकला, छापील सही, सगळं. तोंड उघडलंच होतं.

तेवढ्यात बाबांनी ओल्या हाताने फोन घेतला. कुणाचा, काय, काही विचारलं नाही. कानाला लावून नुसतं ऐकत उभे राहिले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “श्वास घेतोय.”

तू काहीच बोलला नाहीस. एक शब्द रे! ‘बाबा’ म्हणायला किती लागतं? मी खुणेने सांगितलं, ठेवा, पुरे झाली नाटकं. त्यांनी मला हाताने गप्प केलं, घसा साफ केला आणि बाजारात म्हणतात तसं म्हणाले, “बोला.”

तू बोलला नाहीस.

“एक वार,” बाबा म्हणाले. थांबले. अंगणात पाय तसेच ओले.

“दोन वार.”

पलीकडून फोन कट झाला. पुढचं तुला माहीत नाही, म्हणून हे पत्र. ते फोन कानाला तसाच धरून उभे होते. मी म्हटलं, “बाबा, ठेवलाय त्याने. मिटवा आता.” माझ्याकडे बघितलं, फोन खिशात घातला आणि जेवायला बसले. आज पहाटे फोन बरोबर घेऊन गेले.

मी तुला माफ केलेलं नाही. एकटा आलास, कॅमेरा न घेता आलास, तर आधी माझ्या चार शिव्या खाव्या लागतील, मग आत जाता येईल. पण तिसरा वार त्यांनी अजून म्हटलेला नाही.

– ताई